विमा कंपनीला अपघात कळवायची सोय: फोन फटाफट, लिहून घेणं मात्र रामभरोसे

आधी मार्क देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. क्लेम नोंदवायला लागणारा वेळ, पाचपैकी पाच. आपण सांगितलेलं जसंच्या तसं लिहून घेणं, पाचपैकी एक. सर्व्हेयर (कंपनीतर्फे नुकसान बघायला येतो तो) चार, टोइंग चार, अ‍ॅप दोन आणि ते पण दिसायला बरं आहे म्हणून. कंपनी प्रायव्हेट आहे, नाव लिहीत नाही, कारण ओळखीत ज्यांचे ज्यांचे क्लेम झालेत त्यांना विचारलं तर थोड्याफार फरकाने सगळ्यांची हीच रड आहे, आणि नाव लिहिलं की लोक "बरं झालं, आमची दुसरी आहे" म्हणून पुढचं वाचतच नाहीत.

झालं असं की इंदूरच्या रिंग रोडवर बंगाली चौराह्याच्या अलीकडे संध्याकाळच्या गर्दीत गाड्या लाइनीत उभ्या, मी ब्रेकवर पाय ठेवून उभी, पाऊस नुकताच थांबलेला, आणि मागून प्लायवूड भरलेली पिकअप आली ती थांबलीच नाही. मागून दणका आणि त्या दणक्याने माझी गाडी पुढच्या सेडानमधे. डिकी आत, बोनेट वर, दोन्ही एकाच झटक्यात. लागलं कोणालाच नाही, पट्टा लावलेला होता म्हणून निभावलं. हे "एकाच झटक्यात" जरा लक्षात ठेवा, पुढची सगळी मारामारी त्याच्यावरच आहे.

इंदूरला गाडी ठोकली की जागेवरच कोर्ट भरतं, दहा वकील आणि वीस जज. पिकअपवाला पोरगा हात जोडून "दीदी, सेठ को मत बताना, ये रख लो" करत खिशातल्या चुरगळलेल्या नोटा पुढे करतोय, आणि पुढच्या सेडानवाले काका माझ्याच अंगावर येतायत, कारण त्यांना ठोकली माझ्या गाडीने, मला मागून कोणी ठोकलं याच्याशी त्यांना काय घेणंदेणं. लिहून द्या म्हणाले, भरपाई देते म्हणून. मी लिहूनही दिलं नाही आणि त्या पोराच्या नोटाही घेतल्या नाहीत. पॉलिसीच्या मागच्या बारीक अक्षरांत सरळ अट असते की कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत आणि देईन असं कबूलही करायचं नाही. लोक रस्त्यावर माणुसकी म्हणून "हो हो, देते मी" म्हणून जातात आणि तोच व्हिडिओ मग समोरच्याच्या मोबाइलमधे असतो. काकांना म्हटलं, काका, तुम्ही तुमच्या कंपनीला कळवा, मी माझ्या कंपनीला कळवते, पिकअपचा नंबर दोघांकडे आहे. शेवटी ते पण शांत झाले, एकमेकांच्या आरसीचे, पॉलिसीचे आणि लायसन्सचे फोटो काढले, पिकअपच्या पॉलिसीचा पण काढला, तो पोरगा अ‍ॅपमधे शोधत बसला होता तो काकांनीच शोधून दिला.

ट्रॅफिकचा जवान आला तो "मैडम, पहले गाड़ी साइड में लो, जाम लग रहा है" म्हणत आला, त्याचं पण बरोबर आहे. पण गाडी हलवायच्या आधी एक फोटो असा घ्या की तिन्ही गाड्या एकमेकांना टेकलेल्या एकाच फ्रेममधे दिसतील, लोकेशन आणि वेळेसकट. बंपरचे क्लोजअप नंतर वर्कशॉपमधे पण मिळतात, हा फोटो परत मिळत नाही. माझा पूर्ण क्लेम या एका फोटोवर वाचला.

गाडी चालू मात्र केली नाही, ढकलून साइडला घेतली. रेडिएटरखाली हिरवं पाणी टपकत होतं. जमलेल्यांपैकी निम्मे म्हणत होते "अरे चली जाएगी, धीरे धीरे ले जाओ", आणि हे ऐकून कितीतरी लोक घेऊन जातात, इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं आणि मग कळतं की अपघातानंतर तशीच गाडी चालवून वाढलेलं नुकसान कंपनीच्या डोक्यावर नाही, आपल्या. हे पण अटींमधे आहेच. माझ्याकडे रोडसाइड असिस्टन्सचा अ‍ॅड-ऑन (जादा प्रीमियम भरून घेतलेली सोय) होता, टो गाडी आली, फ्लॅटबेड होती, माणूस नीट होता, पावती दिली. अ‍ॅड-ऑन नसेल तर साध्या पॅकेज पॉलिसीत (आपल्या आणि समोरच्याच्या, दोन्ही नुकसानीची) टोइंगचे १,५०० रुपयांपर्यंत मिळतात, तेव्हा टोवाल्याची पावती फेकू नका.

आता मुख्य मुद्दा, फोन. हेल्पलाइन पटकन लागली, माणूस बोलायला गोड, आमचं बोलणं हिंदीत (घरात मराठी, भांडण हिंदीत, हा इंदूरचा जुना कायदा आहे). विचारलं काय, पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, जागा, कोण चालवत होतं, लायसन्स नंबर, कोणाला लागलंय का, गाडी आत्ता कुठे आहे, कुठल्या वर्कशॉपला नेणार. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३४ मधे ड्रायव्हरने आपल्या विमा कंपनीला लेखी काय कळवायचं ते दिलंय, ती यादी यातलीच आहे, पॉलिसी, तारीख वेळ जागा, जखमी कोण, ड्रायव्हर आणि त्याचं लायसन्स. म्हणजे कळवणं ही नुसती क्लेमसाठी केलेली मेहेरबानी नाही, कायद्याने पण आपल्यावर आहे. शेवटी विचारलं "एक्सीडेंट कैसे हुआ", मी सांगितलं की मागून पिकअपने ठोकलं, त्यामुळे माझी गाडी पुढच्या गाडीला लागली, पुढे मागे दोन्हीकडे नुकसान आहे. "जी मैडम, नोट कर लिया." फोन चालू असतानाच क्लेम नंबरचा मेसेज आला. इथपर्यंत मी खूष, घरी सगळ्यांना सांगितलं की काय सर्व्हिस आहे.

त्या मेसेजमधे क्लेम नंबर होता, वर्कशॉपचं नाव होतं, अ‍ॅपची लिंक होती. नव्हतं ते फक्त एकच, त्यांनी काय "नोट" केलं ते.

गाडी देवास नाक्याकडच्या वर्कशॉपला. सर्व्हेयर दुसऱ्याच दिवशी आला, जून २०२४ मधे इर्डाईने, म्हणजे विमा नियामकाने, जे मास्टर सर्क्युलर काढलं त्यात क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेयर नेमायचा असं आहे, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट आल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय घ्यायचा. हे आकडे पाठ करून ठेवा, वर्कशॉपचा अ‍ॅडव्हायजर "मैडम, अप्रूवल नहीं आया" म्हणायला लागला की कामाला येतात.

तर सर्व्हेयर. पन्नाशीचा माणूस, खांद्याला पिशवी, पिशवीत खडू आणि टॉर्च. बोलणं कमी. आधी मागचा बंपर बघितला, त्याच्या आतला फोम बोटाने दाबून बघितला, डिकीच्या खालच्या पत्र्यावर पिकअपचा निळा रंग घासला गेला होता त्याचा फोटो घेतला, जे पार्ट बदलायचे त्यावर खडूने खुणा केल्या. चेसिस नंबरचा फोटो. मग पुढे आला, बोनेट उघडलं, कंडेन्सर बघितला, आणि टॅबमधे बघून म्हणाला, "मैडम, इंटीमेशन में तो सिर्फ पीछे का लिखा है. ये आगे वाला अलग एक्सीडेंट है क्या?"

इंटीमेशन म्हणजे मी फोनवर कळवलं त्याची नोंद. मला दाखवली त्याने. तीन शब्द, इंग्रजीत: हिट फ्रॉम बॅक. बस. माझं एवढं मोठं निरूपण आणि त्याची वजाबाकी होऊन उरले तीन शब्द.

याने काय फरक पडतो असं वाटेल, मलाही आधी वाटलं, तर ऐका. जे नुकसान कळवलेल्या अपघाताशी जुळत नाही ते एकतर जुनं म्हणून नाकारतात नाहीतर वेगळा अपघात धरून दुसरा क्लेम उघडायला लावतात. दुसरा क्लेम म्हणजे सक्तीचं डिडक्टिबल (दर क्लेमला आपल्या खिशातून जाणारी ठरलेली रक्कम) पुन्हा, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यापुढे २,०००, ते एक वेळ चाललं असतं, पण बऱ्याच पॉलिसींमधे झिरो डेपचे (पार्टच्या वयाप्रमाणे पैसे कापत नाहीत तो अ‍ॅड-ऑन) वर्षाला दोनच क्लेम असतात, म्हणजे एका धडकेत वर्षाचा कोटा खलास. आणि रेकॉर्डवर आपण कोण, तर एकाच आठवड्यात दोनदा ठोकणारी बाई.

सर्व्हेयर सरळ होता म्हणून चार मार्क. तो म्हणाला, मला दिसतंय की धक्का एकाच लाइनीत गेलाय, पण मला कागद पाहिजे. मी तिथेच उभी राहून तिन्ही गाड्यांवाला फोटो दाखवला, मग तोच फोटो कंपनीच्या मेल आयडीवर, विषयात क्लेम नंबर, मजकुरात कसं घडलं ते पाच-सहा ओळीत, सेडानच्या आणि पिकअपच्या नंबरसकट, कॉपी सर्व्हेयरला. कॉल सेंटरला पण फोन लावला तर तिथे उत्तर, "मैडम, इंटीमेशन एडिट नहीं होता, सिस्टम अलाऊ नहीं करता." म्हटलं कॉल रेकॉर्डिंग काढा की, सुरुवातीला तुम्हीच सांगता ना की कॉल रेकॉर्ड होतोय, तर ते म्हणे क्वालिटी डिपार्टमेंटला रिक्वेस्ट टाकावी लागेल. शेवटी वरच्या कोणीतरी क्लेममधे एक जादा रिमार्क चढवला आणि त्यावर काम झालं. मला हे कळत नाही की जेवण मागवलं तर "दोन पोहे, एक जलेबी, बरोबर ना?" असं अ‍ॅप परत विचारतं, आणि ज्याच्यावर पाऊण लाखाचं बिल ठरणार ते वाक्य आपल्याला परत वाचून दाखवायची पद्धत नाही. एक एसएमएस लांब करा हो, तुमचं काय जातं.

बरं, याच्यावर अजून एक उपाय आपल्या हातात असतो तो वर्कशॉपवाले काढून घेतात. क्लेम फॉर्म. अ‍ॅडव्हायजर फॉर्म पुढे सरकवतो, सहीच्या जागी पेन्सिलने फुल्या मारलेल्या, बाकी कोरा, "आप साइन कर दो, हम भर लेंगे." कोऱ्यावर सही करू नका. अपघात कसा झाला हा रकाना आणि नकाशा काढायची चौकट त्याच फॉर्मवर असते, मी तिथे बसून भरला, नकाशात तीन चौकोन काढले, बाण काढले, मधल्या चौकोनात "मी" लिहिलं. अ‍ॅडव्हायजर हसला, पण सर्व्हेयरने रिपोर्टला तोच जोडला. भरलेल्या फॉर्मचा फोटो पण घेऊन ठेवा.

आता गंमत बघा. आमच्या भावजींची गाडी सरकारी कंपनीकडे आहे. त्यांना उज्जैन रोडला नीलगाय आडवी आली होती. त्यांचं कळवणं म्हणजे ऑफिसात जा, बाबूला शोधा, तो जेवायला गेलेला, मग दोन पानी फॉर्म, निळ्या पेनाने, कार्बन कॉपी. आम्ही सगळे त्यांना हसलो होतो की अहो भावजी, कुठल्या जमान्यात आहात, प्रायव्हेट घ्या, फोनवर होतं सगळं. पण त्यांच्या क्लेममधे "कसं घडलं" हे त्यांच्या स्वतःच्या अक्षरात होतं, शिक्का मारलेली पोच त्यांच्या खिशात होती आणि त्यावर कोणी एक प्रश्न विचारला नाही. पैसे उशिरा आले, ते खरं, रक्कम मात्र बरोबर आली. मला आज कोणी विचारलं तर मी सांगेन की वेगात प्रायव्हेट पुढे आहे आणि कागदात सरकारी, आणि क्लेम कागदावर पास होतो. प्रायव्हेटवाल्यांनी कळवल्यावर स्वतःच एक मेल टाका, म्हणजे दोन्ही मिळालं.

अ‍ॅपबद्दल फार काही नाही. फोटो अपलोड अर्ध्यात अडकतात, स्टेटस आठवडाभर "अंडर प्रोसेस", आणि घटनेचं वर्णन टाइप करायच्या जागी ड्रॉपडाउन आहे ज्यात "मागून ठोकलं" आहे, "पुढे ठोकलं" आहे, "दोन्ही" नाही. म्हणजे तो हेल्पलाइनवाला तरी काय करणार, त्याच्यासमोर पण बहुतेक तेच ड्रॉपडाउन असणार. व्हॉट्सअ‍ॅपचा बॉट मात्र क्लेम नंबर आणि सर्व्हेयरचा मोबाइल झटकन देतो, तेवढ्यासाठी वापरा.

पैशाचं बोलू. गाडी चौथ्या वर्षात, झिरो डेप घेतलेलं, म्हणून मला डिडक्टिबलचे १,००० आणि कन्झ्युमेबल्स म्हणजे कूलंट, नट-बोल्ट, क्लिपा असलं किरकोळ एवढंच भरावं लागलं. झिरो डेप नसतं तर हिशेब वेगळा, प्लास्टिक आणि रबराच्या पार्टला सरळ ५० टक्के कापतात, पत्र्याच्या आणि बाकी धातूच्या पार्टला वयाप्रमाणे, चौथ्या वर्षात २५ टक्के, काचेला काही नाही. बंपर आठ हजारांचा असेल तर चार तुमचे. पेंटिंगच्या बिलातला चौथा हिस्सा मटेरियल धरतात आणि त्याच्या निम्मं कापतात. हल्लीच्या गाड्यांना पुढे मागे प्लास्टिकच जास्त, तेव्हा कॅशलेस ऐकून हुरळू नका, कॅशलेस म्हणजे कंपनीचा हिस्सा कंपनी वर्कशॉपला देते, तुमचा हिस्सा तुम्हीच देता.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममधे मिळणारी सूट, गेला. ३५ टक्के होता, क्लेम नसता तर रिन्यूअलला ४५ झाला असता, आता शून्य. म्हणून बंपरवर नुसता ओरखडा असेल तर क्लेम करायच्या आधी विचारा की बोनस गेल्यावर प्रीमियम किती वाढेल. तो बोनस फक्त ओन डॅमेजच्या (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर असतो, थर्ड पार्टीवर (आपण दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याच्या विम्यावर) नाही, त्यामुळे जेवढा मोठा वाटतो तेवढा नसतो, पण चार हजारांच्या कामासाठी घालवायचा का हा प्रश्न आहेच. सुदामा नगरच्या आमच्या डेंटरकडे असली कामं निम्म्या पैशांत होतात आणि चहा वर.

एफआयआर बद्दल सगळेच विचारतात. आम्हाला लागली नाही, कोणाला इजा नव्हती आणि फक्त गाड्यांचं नुकसान होतं. कोणाला लागलं असेल, कोणी दगावलं असेल, गाडी चोरीला गेली असेल तर मात्र पोलीस आधी, ११२ लावा, विमा नंतर. जखमी माणूस असेल तर पैशासाठी थांबू नका, मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे, अपघातानंतर ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार ठरलेल्या हॉस्पिटलात कॅशलेस. आणि उशीर झाला म्हणून घाबरू नका. पॉलिसीत शब्द "ताबडतोब" असा असतो, कंपन्या २४ नाहीतर ४८ तास सांगतात, पण नुसत्या उशिराच्या नावाखाली खरा क्लेम फेटाळू नका असं विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या सर्क्युलरमधेच कंपन्यांना सांगितलंय. उशिराचं कारण लिहून द्यायचं, हॉस्पिटलात होतो तर तो कागद जोडायचा.

मला तक्रार करायची वेळ आली नाही, पण मी तयारीत होते. आधी कंपनीच्या ग्रीव्हन्सला (तक्रार विभागाला) लेखी, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचं ऑफिस भोपाळला आहे, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकतात, फी नाही, वकील लागत नाही. मधल्या मधे विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल आहे, फोन १५५२५५. आमच्या कॉलनीत एकांनी तिथे नुसती तक्रार टाकली आणि कंपनीचा मॅनेजर, जो आधी फोन उचलत नव्हता, तो स्वतः फोन करायला लागला. असो.

सेडानवाल्या काकांचा पण क्लेम झाला, त्यांच्या कंपनीने त्यांना माझा तोच फोटो मागितला, मी पाठवला. सर्व्हेयरला आम्ही एक विचारून घेतलं होतं की चूक पिकअपची तर मग आमचा बोनस का जावा, तो म्हणाला की ओन डॅमेज घेतलंत की बोनस जातो, पिकअपच्या थर्ड पार्टीकडून पाहिजे तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जा. बंपरसाठी कोण कोर्टात जातंय. त्या पिकअपच्या सेठने गाडी तशीच परत लाइनला लावलीय, परवा पलासियाला दिसली, पुढचा दिवा दोरीने बांधलेला.

रिन्यूअल जवळ आलंय, कोटेशन मागवलीत. सगळ्यांना दोनच प्रश्न लेखी पाठवलेत, झिरो डेपचे वर्षाला क्लेम किती, आणि इंटिमेशन नोंदवल्यावर त्याचा पूर्ण मजकूर मेलवर मिळेल का. पहिल्याचं उत्तर सगळ्यांनी दिलं. दुसऱ्यावर एकाने लिहिलं की फोनवर बोलू, आणि भावजींच्या बाबूने कळवलंय की येऊन कार्बन कॉपी घेऊन जा.